पावणेदोन जीबीचा नकाशा मोबाइलवर उघडायचा तर

चार फुटांहून थोडा रुंद आणि पावणेतीन फूट उंच असा एखादा जुना नकाशा ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला, की ३०,००० गुणिले २०,००० पिक्सेलची फाइल हातात येते. म्हणजे ६० कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर न दाबलेली टिफ फाइल (स्कॅन पूर्ण तपशिलासह साठवणारा फॉरमॅट) पावणेदोन जीबीच्या आसपास जाते. असे नकाशे, मोडीतली हातभर लांब कागदपत्रं, पोथ्यांची पानं आपल्याकडे संस्थांच्या आणि घरांच्या कपाटांत पुष्कळ आहेत, आणि स्कॅनिंगही आता बऱ्यापैकी होतं. घोडं अडतं ते त्यानंतर. वेबसाइटवर टाकायची वेळ आली की कुणीतरी चित्र हजार-बाराशे पिक्सेलपर्यंत लहान करून टाकतं, आणि मग नकाशावरची गावांची नावं वाचता येत नाहीत. नाहीतर अख्खी फाइल डाउनलोडला ठेवली जाते, आणि ती उतरवायचा उत्साह फारच थोड्यांना असतो.

दुसरीकडे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ च्या जानेवारीत रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चा फोटो वेबवर ठेवला, तो ७१७ अब्ज पिक्सेलचा. ८,४३९ फोटो जोडून केलेला, मूळ फाइल ५.६ टेराबाइटची. चित्रावरची दर पाच मायक्रोमीटर जागा म्हणजे एक पिक्सेल. तो साध्या मोबाइलवरही उघडतो आणि रंगाच्या भेगांपर्यंत आत जाता येतं. आपल्या नकाशाच्या जवळजवळ बाराशे पट मोठं ते चित्र.

यामागे फार तगडा सर्व्हर असणार असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. हे काम करताना सर्व्हरला चित्र म्हणजे काय हेसुद्धा कळायची गरज नसते. सगळी मेहनत आधी, एकदाच, आपल्या कॉम्प्युटरवर होते.

आधी साधा मार्ग का चालत नाही ते पाहू. समजा नकाशाची जेपीईजी करून ती वेबपानावर नेहमीच्या चित्रासारखी लावली. जेपीईजी दाबून दीडदोनशे एमबीपर्यंत आणता येईल, आणि चांगलं इंटरनेट असलेला माणूस ती उतरवूनही घेईल. पण जेपीईजी दाबलेली असते ती फक्त प्रवासात आणि डिस्कवर. पडद्यावर दाखवायला ब्राउझरला ती उलगडावी लागते आणि उलगडल्यावर दर पिक्सेलला चार बाइट लागतात. ६० कोटी गुणिले चार म्हणजे सुमारे सव्वादोन जीबी मेमरी, एका चित्रासाठी. मोबाइलचा ब्राउझर तिथेच मान टाकतो. शिवाय जेपीईजीची स्वतःचीही मर्यादा आहे: कुठल्याही बाजूला ६५,५३५ पिक्सेलपेक्षा मोठं चित्र त्या फॉरमॅटमध्ये बसतच नाही. वेबपी या वेबसाठीच्या नव्या फॉरमॅटची मर्यादा तर १६,३८३ ची.

आता उलट बाजूने विचार करू. बघणाऱ्याचा पडदा केवढा? नेहमीचा फुल एचडी पडदा १,९२० गुणिले १,०८० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे २० लाख पिक्सेल. फोरके पडदा असला तरी ८३ लाख. चित्र ६० कोटींचं असो की ७१७ अब्जांचं, एका क्षणी माणसाला त्यातले २० लाख ते ८३ लाख पिक्सेलच दिसू शकतात. मग बाकीचे पाठवायचे कशाला? सगळा खेळ या एका प्रश्नावर उभा आहे.

पिरॅमिड

पण नुसता ‘दिसणारा भाग पाठवा’ म्हणून भागत नाही. माणूस पहिल्यांदा पान उघडतो तेव्हा त्याला पूर्ण नकाशा दिसत असतो. दिसणारा भाग म्हणजे तेव्हा अख्खं चित्रच. ते ६० कोटी पिक्सेल पाठवून पडद्यावर २० लाखांत आकसायचे हा शुद्ध उधळेपणा झाला. म्हणून चित्राच्या आधीच लहान-लहान प्रती करून ठेवतात. मूळ ३०,००० रुंद, त्याखाली १५,०००, मग ७,५००, ३,७५०, १,८७५ अशी प्रत्येक पायरीला लांबी-रुंदी निम्मी करत थेट एका पिक्सेलपर्यंत. आपल्या नकाशाच्या अशा १६ पायऱ्या होतात. या प्रती एकावर एक रचल्या तर पिरॅमिडचा आकार दिसतो, म्हणून नाव पिरॅमिड. कल्पना जुनी आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये लान्स विल्यम्स यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक व्हिडिओ गेममध्ये ती वापरात आहे.

इतक्या प्रती ठेवल्या तर जागा किती खाईल, ही शंका इथे हमखास येते. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या झाल्या की पिक्सेल चौथाई होतात. म्हणजे मूळ एक, अधिक पाव, अधिक एक सोळांश, अधिक एक चौसष्टांश… ही बेरीज कितीही पायऱ्या केल्या तरी एक पूर्णांक एक तृतीयांशच्या पुढे जात नाही. सगळ्या लहान प्रती मिळून मूळ चित्राच्या फक्त एक तृतीयांश. शाळेत शिकलेल्या भूमिती श्रेढीचा यापेक्षा उपयोगी नमुना मला तरी माहीत नाही.

दुसरं काम म्हणजे प्रत्येक पायरीचे चौकोनी तुकडे करायचे, साधारण २५६ गुणिले २५६ पिक्सेलचे. या तुकड्यांना टाइल म्हणतात. माणूस नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात झूम करतो तेव्हा ब्राउझरमधला छोटा प्रोग्रॅम हिशोब करतो: या झूमला कुठली पायरी योग्य, आणि पडद्याच्या चौकटीत तिच्या कुठल्या टाइल येतात? तेवढ्याच मागवतो. फुल एचडी पडदा भरायला २५६ च्या चाळीस ते पन्नासेक टाइल पुरतात. एक टाइल दहा-वीस केबीची धरली तर एका दृश्याला एमबीच्या आत काम होतं. नकाशा कितीही मोठा असला तरी हा आकडा तेवढाच राहतो, म्हणून ‘नाइट वॉच’ तुमच्या मोबाइलवर उघडतं. गूगल मॅप्स २००५ पासून असंच चालत आलं आहे, फरक इतकाच की तिथे चित्राऐवजी पृथ्वी आहे.

तुकडे झाल्यावर त्यांना नावं कशी द्यायची, ते कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे, याच्या दोन-चार रीती आहेत. सगळ्यांत रुळलेली डीप झूम. सीड्रॅगन नावाची छोटी कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतली, तिचं तंत्र २००८ मध्ये सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझर-प्लगइनमधून डीप झूम या नावाने बाहेर आलं. सिल्व्हरलाइट केव्हाच गेलं, पण फोल्डरांची ती रचना मात्र टिकली. रचना अगदी सरळ आहे. ‘नकाशा’ नावाच्या चित्रासाठी एक लहानशी डीझेडआय फाइल असते. आत चार ओळींचं एक्सएमएल: चित्राची रुंदी, उंची, टाइलचा आकार, टाइलचा फॉरमॅट. शेजारी ‘नकाशा_फाइल्स’ अशा धर्तीचं फोल्डर, त्यात शून्यापासून पंधरापर्यंत पायऱ्यांची फोल्डरं, आणि प्रत्येकात ‘रकाना_ओळ’ अशा नावाच्या जेपीईजी. तीन नंबरच्या रकान्यातली सात नंबरच्या ओळीतली टाइल म्हणजे ‘३_७’. बस. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, प्लगइन नाही.

तुकडे करणं

तुकडे करायला मी डोळे झाकून लिबव्हिप्स हे मोफत सॉफ्टवेअर सुचवेन. ते मुळात १९९० च्या सुमारास युरोपातल्या व्हसारी प्रकल्पात, लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांच्या मोठ्या डिजिटल प्रती हाताळायला तयार झालं. त्या काळच्या कॉम्प्युटरांत मेमरी फार थोडी असायची, म्हणून अख्खं चित्र मेमरीत न घेता पट्ट्या-पट्ट्यांनी वाचत पुढे जाण्याची सवय त्याला जन्मापासून आहे. आज तीच सवय आपल्या कामी येते. चार-आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पावणेदोन जीबीचा टिफ ते तक्रार न करता चिरतं. उबुंटूवर ते नेहमीच्या पॅकेजांत मिळतं, विंडोजसाठी तयार झिप आहे, मॅकवर होमब्रूमधून येतं. कमांड एका ओळीची: ‘व्हिप्स’, मग ‘डीझेडसेव्ह’, मग टिफ फाइलचं नाव, मग हव्या त्या फोल्डरचं नाव. साध्या मशीनवरही हा चहा होईपर्यंतचाच मामला असतो.

इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर अनेकांच्या हाताशी असतं आणि त्यानेही तुकडे करता येतात. पण ते चित्र पूर्ण मेमरीत घेऊ बघतं, आणि उबुंटूवरचं इमेजमॅजिक सुरक्षेसाठी कुठल्याही बाजूला १६ हजार पिक्सेलांची मर्यादा घालूनच येतं. ती वाढवता येते, पण कशाला?

नुसती कमांड दिली तरी काम होतं. तरीही आधी काही गोष्टी ठरवून घेतल्या तर निकालात बराच फरक पडतो. इथे थोडं थांबायला हवं.

पहिली गोष्ट रंगाची. चांगला स्कॅनर दर रंगाला १६ बिटांची टिफ देतो आणि त्यात अडोबी आरजीबीसारखं कलर प्रोफाइल (आकड्यांचा अर्थ नेमका कुठला रंग, हे सांगणारा तक्ता) जोडतो. टाइल करण्याआधी चित्र ८ बिटांचं आणि एसआरजीबी (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) करून घ्यावं. न केलं तर दोन भानगडी होतात. प्रोफाइल गळलं तर रंग मळकट, उतरलेले दिसतात. आणि प्रोफाइल टिकलं तर ते प्रत्येक टाइलमध्ये जाऊन बसतं. तीन केबीचं प्रोफाइल म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण साडेबारा हजार टाइलांत ते ३७ एमबी होतं, आणि दहा केबीच्या टाइलमध्ये तीन केबी ओझं फुकटचं. म्हणून रूपांतर करून झाल्यावर प्रोफाइल आणि बाकीचा मेटाडेटा काढून टाकायचा पर्याय कमांडमध्ये द्यावा.

दुसरी गोष्ट जेपीईजीच्या दर्जाची. फोटो आणि चित्रांना ७५ ते ८५ पुरतं. कागदपत्रांचं तसं नाही. जेपीईजी जागा वाचवायला रंगाची माहिती उजेड-अंधारापेक्षा निम्म्या बारकाईने साठवते. डोळ्याला एरवी हे कळत नाही, पण पोथीतल्या हिंगुळाच्या तांबड्या दंडांच्या किंवा नकाशावरच्या लाल सरहद्दीच्या कडेला लगेच कळतं: रेघ फुटल्यासारखी, पाझरल्यासारखी दिसते. लिबव्हिप्समध्ये दर्जा ९० किंवा वर ठेवला की ही रंगाची काटकसर आपोआप बंद होते. फाइली फुगतात, पण मोडीचा कागद टाकायचा असेल तर मी ९० च ठेवेन. बोरूने ओढलेली मोडी अक्षरं एकमेकांना चिकटून जातात, कुठे हात उचलला आणि कुठे नाही यावर वाचन ठरतं. तिथे केबी वाचवण्यात अर्थ नाही.

याच संदर्भात आणखी एक. लहान प्रत करताना दर चार पिक्सेलांची सरासरी काढून एक पिक्सेल होतो. काळी रेघ एकाच पिक्सेलची जाड असेल तर सरासरीत ती करडी होते, पुढच्या पायरीला आणखी फिकी. त्यामुळे पूर्ण नकाशा बघताना बारीक रस्ते पुसल्यासारखे दिसतात आणि आत गेलं की उगवतात. यात बिघडलेलं काही नाही, सरासरीचा तो स्वभावच आहे. लोक मात्र ‘स्कॅन खराब आहे’ म्हणून कळवतात, म्हणून सांगून ठेवतो.

तिसरी गोष्ट टाइलच्या आकाराची. लिबव्हिप्स आपणहून २५४ पिक्सेलची टाइल करतं आणि शेजारच्या टाइलचा एकेक पिक्सेल कडेला घेतं, म्हणजे एकूण २५६. हा एक पिक्सेल घेतला नाही तर काही झूमला टाइलांच्या मध्ये केसाएवढ्या फटी दिसतात. या आकाराने आपल्या नकाशाच्या सगळ्यांत मोठ्या पायरीलाच ११९ गुणिले ७९ म्हणजे ९,४०१ टाइल होतात, सगळ्या पायऱ्या मिळून साडेबारा हजारांच्या घरात. टाइल ५१२ ची केली तर एकूण आकडा तीन हजारांच्या थोडा वर राहतो. एकच नकाशा असेल तर कुठलाही आकार चालेल. पाचशे नकाशे असतील तर २५६ ने ६० लाखांहून जास्त फाइली होतात, आणि तेव्हा हा प्रश्न खरा होतो. अनेक शेअर्ड होस्टिंगवाले जागेबरोबर फाइलींच्या संख्येवरही मर्यादा घालतात. बॅकअप घ्यायला लहान-लहान लाखो फाइलींना एका मोठ्या फाइलीपेक्षा कितीतरी वेळ लागतो. डिस्क चार-चार केबीच्या घरांत माल ठेवते, त्यामुळे अर्ध्या केबीची टाइलही चार केबी अडवते. आजच्या पडद्यांना आणि नेटला मला ५१२ जास्त सोयीचं वाटतं.

सर्व्हरवर

तुकडे झाले की ते सर्व्हरवर चढवायचे. एफटीपीने बारा हजार फाइली एकेक करून पाठवायला बसू नका. दर फाइलीमागे हात मिळवणं, निरोप देणं यातच वेळ जातो. फोल्डर टार किंवा झिप करून एक फाइल पाठवा आणि सर्व्हरवर उलगडा, किंवा आरसिंक हे फोल्डर थेट सर्व्हरवर पाठवणारं अवजार वापरा. लिबव्हिप्स थेट झिपमध्येही लिहू शकतं. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमध्ये झिप उलगडायची सोय बहुधा असते.

सर्व्हर कुठलाही चालतो: एनजिनएक्स, अपाची, ॲमेझॉनच्या एसथ्रीसारखी साठवण. फाइल मागितली की फाइल द्यायची, एवढंच त्याचं काम. तरी चार सेटिंगं आवर्जून करावीत. टाइल कधी बदलत नाहीत, तेव्हा कॅशची (ब्राउझरने जवळ ठेवलेल्या प्रतींची) मुदत वर्षभराची द्या आणि ‘इम्यूटेबल’ (न बदलणारी) म्हणून सांगा, म्हणजे तोच माणूस परत आला की त्याच टाइल पुन्हा उतरत नाहीत. पुढे कधी स्कॅन बदललाच तर जुन्या फोल्डरवर नवं लिहू नका, नव्या नावाचं फोल्डर करा, नाहीतर लोकांच्या ब्राउझरमध्ये अर्धा जुना अर्धा नवा असा गोधडी-नकाशा दिसेल. एचटीटीपी टू, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याची नवी रीत, चालू ठेवा. जुन्या एचटीटीपीत ब्राउझर एका सर्व्हरशी एकावेळी सहाच जोडण्या करतो, म्हणजे पन्नास टाइल सहा-सहाच्या रांगेने येतात. नव्यात एकाच जोडणीवरून सगळ्या मागण्या एकदम जातात. इथला फरक डोळ्यांना दिसतो. जेपीईजीवर जीझिप (पाठवताना फाइल दाबायची सोय) लावू नका, आधीच दाबलेलं पुन्हा दाबून फक्त प्रोसेसर तापतो. आणि टाइल एका डोमेनवर, वेबपान दुसऱ्यावर असेल तर टाइलच्या सर्व्हरने ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हे हेडर द्यायला हवं. ते नसेल तर ब्राउझर डीझेडआय फाइल वाचूच देत नाही आणि पडदा कोरा राहतो.

उरला बघण्याचा भाग. त्यासाठी ओपनसीड्रॅगन ही मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी पुरेशी आहे. पानावर एक रिकामी चौकट करायची, लायब्ररी जोडायची, आणि तिला चौकटीची ओळख आणि डीझेडआय फाइलचा पत्ता द्यायचा. पाच-सहा ओळी. बोटांनी चिमटून झूम करणं, ओढणं, कोपऱ्यातला छोटा नकाशा हे सगळं तिच्यात आहे.

पहिल्यांदा लावलं की काहीच दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. कारणं ठरलेली असतात. चौकटीला उंचीच दिलेली नसते, त्यामुळे ती शून्य पिक्सेल उंच होऊन बसते. किंवा पान सर्व्हरवरून न उघडता फोल्डरमध्ये डबल क्लिक करून उघडलेलं असतं, आणि ब्राउझर सुरक्षेपोटी शेजारची फाइल वाचू देत नाही. विंडोजवर सगळं नीट चाललं आणि लिनक्स सर्व्हरवर टाइल सापडेनात, तर फाइलींच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं तपासा, विंडोजला तो भेद कळत नाही, लिनक्सला कळतो. चित्र आलं पण अधिक-उण्याची बटणं नाहीत, तर बटणांच्या चित्रांचं फोल्डर ‘प्रीफिक्स यूआरएल’मध्ये दिलेलं नसतं. फाइल सापडत नसेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क विभाग उघडला, की लाल ४०४ (‘फाइल सापडली नाही’ची खूण) समोर दिसतात आणि अंदाज बांधत बसावं लागत नाही.

दोन सेटिंगं मी हटकून बदलतो. ओपनसीड्रॅगन मूळ पिक्सेलच्या १.१ पटीपलीकडे झूम करू देत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, त्यापुढे नवा तपशील नसतोच. पण मोडी वाचणाऱ्याला, विशेषतः वयस्कर वाचकाला, अक्षर मोठं हवं असतं, थोडं धूसर चालतं. ही मर्यादा दोन किंवा तीनवर न्यावी. दुसरं, माउसचं चाक. लांबलचक लेखाच्या मध्ये झूमची चौकट ठेवली, की पान खाली सरकवणाऱ्याचं चाक चौकटीत अडकतं आणि पान सरकायच्या ऐवजी नकाशा झूम होतो. माणूस वैतागून निघून जातो. लेखात चाकाचं झूम बंद ठेवावं, बटणं आहेतच.

शिवाय हजार-बाराशे पिक्सेलची एक साधी जेपीईजीही त्याच पानावर असू द्या. सर्च इंजिनला टाइलांतून चित्र कळत नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर दिसायला काहीतरी हवं.

आचारी लागतो कधी?

आतापर्यंत सांगितलेल्या पद्धतीत सर्व्हर म्हणजे निव्वळ वाढपी. स्वयंपाक आधीच झाला आहे, पानात वाढायचं तेवढं काम. दुसरी पद्धत आचाऱ्याची: सर्व्हरवर एकच मोठी फाइल ठेवायची, आणि मागणी येईल तसा तिथल्या तिथे तुकडा कापून द्यायचा. आयआयपीइमेज आणि कँटलूप हे असे इमेज सर्व्हर. ही मोठी फाइल नेहमीची टिफ नसते. पिरॅमिडच्या सगळ्या पायऱ्या आणि टाइल एकाच फाइलीत रचलेली पिरॅमिडल टिफ असते, म्हणजे सर्व्हरला नेमके हवे तेवढे बाइट उचलता येतात. चार जीबीच्या वर गेली तर बिगटिफ करावी लागते, साध्या टिफला त्यापुढचे पत्ते मोजता येत नाहीत. काही ग्रंथालयं जेपीईजी २००० वापरतात, ती जागा कमी घेते, पण तिचा वेगवान वाचक, काकाडू, विकत घ्यावा लागतो.

या इमेज सर्व्हरांशी बोलायची सगळ्यांना मान्य झालेली रीत म्हणजे ट्रिपल आयएफ, इंटरनॅशनल इमेज इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क. २०११ च्या सुमारास मोठ्या ग्रंथालयांनी मिळून ती सुरू केली. तिची गंमत अशी की मागणी पूर्णपणे वेबपत्त्यातच लिहिलेली असते: चित्राची ओळख, मग कुठला भाग, तो केवढा करून हवा, किती अंशांनी फिरवून, रंगीत की करडा, आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये. तिरक्या रेघांनी वेगळे केलेले हे तुकडे नुसते बदलून कागदाचा नेमका एक परिच्छेद कापून त्याची लिंक देता येते. दोन संस्थांकडे विखुरलेल्या एकाच पोथीची पानं एका पडद्यावर शेजारी-शेजारी मांडता येतात, चित्रं जागची हलवल्याशिवाय. अभ्यासकांसाठी ही फार मोठी सोय आहे.

मग सरळ हेच का करू नये? कारण आचारी सांभाळावा लागतो. कँटलूप जावावर चालतं, त्याला मेमरी लागते, अपडेटं लागतात. तो बंद पडला तर सगळी चित्रं एकदम जातात. एखाद्याने मुद्दाम किंवा नकळत ‘पूर्ण चित्र पूर्ण आकारात’ असं शंभर वेळा मागितलं तर सर्व्हर झोपतो, म्हणून जास्तीत जास्त किती पिक्सेल द्यायचे याची मर्यादा घालावीच लागते. स्वतंत्र तांत्रिक माणूस नसलेल्या संस्थेने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळातला उत्साही स्वयंसेवक दोन वर्षांनी नोकरीला बंगळूरला जातो आणि सर्व्हरचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. टाइलांचं फोल्डर मात्र तसंच चालू राहतं, त्याला कुणी सांभाळावं लागत नाही. हजारो कागद असतील, भाग कापून देण्याची खरी गरज असेल, आणि पगारी माणूस असेल, तर इमेज सर्व्हर.

मधला एक रस्ता आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. ट्रिपल आयएफने सर्व्हरच्या क्षमतेच्या पायऱ्या ठरवल्या आहेत, आणि सगळ्यांत खालची, पायरी शून्य, आधीच कापलेल्या टाइलांवर भागते. लिबव्हिप्सला डीप झूमऐवजी ट्रिपल आयएफची मांडणी सांगितली की ते तशाच नावांची फोल्डरं आणि ‘इन्फो’ फाइल तयार करून देतं. वाटेल तो भाग कापून मिळणार नाही, पण जगातले ट्रिपल आयएफ वाचणारे दर्शक (चित्र दाखवणारे प्रोग्रॅम) ते चित्र उघडू शकतात. एकच काळजी: त्या ‘इन्फो’ फाइलीत चित्राचा पूर्ण वेबपत्ता लिहिलेला असतो, तो तुकडे करतानाच कमांडमध्ये द्यावा लागतो. न दिला तर तिथे नमुन्याचा पत्ता पडतो आणि दर्शक भलत्याच दारात टाइल मागत बसतो.

‘टाइल केल्या म्हणजे कुणी चित्र उचलणार नाही’ असंही काही संस्थांना वाटतं. डीझूमिफायसारखी अवजारं सगळ्या टाइल गोळा करून मूळ चित्र पुन्हा जोडून देतात, आणि त्यांना रोखणं जवळपास अशक्य आहे. जी टाइल बघणाऱ्याला दिसते ती त्याच्याकडे पोचलेलीच असते. एखाद्या कागदाचे हक्क आपल्याकडे नसतील, किंवा घराण्याची पूर्ण दर्जाचं चित्र बाहेर जाऊ द्यायची तयारी नसेल, तर सगळ्यांत मोठ्या एक-दोन पायऱ्या तयारच करू नयेत: आधी चित्र निम्मं किंवा पाव करावं आणि मग तुकडे करावेत. वॉटरमार्कने अभ्यासकाला त्रास होतो, चोराला फारसा होत नाही.

आणि मूळ टिफ जपून ठेवावी, वेब सर्व्हरवर नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन डिस्कांवर. टाइलांचा बॅकअप घेतला नाही तरी चालतं, त्या टिफमधून एका कमांडने परत होतात. टाइल जोडून टिफ मात्र परत मिळत नाही, कारण जेपीईजीने जे टाकून दिलं ते गेलं. १६ बिटांचे रंग, कागदाचा पोत, शाईच्या छटा या फक्त त्या पावणेदोन जीबीत आहेत (१६ बिटांची असेल तर साडेतीन), आणि उद्या टाइलांचा नवा फॉरमॅट आला की तीच काढावी लागणार.